पाण्यातला पंखा

भूकंपानंतरचे ते काही महिने मामांच्या घरातली सगळी माणसे अंगणात झोपत असत. घर पडले नव्हते. नांदेडच्या अलीकडे, गोदावरीच्या काठावरच्या त्या गावात भिंतीला गेलेली तड शोधूनच काढावी लागली असती. पण लातूरकडून आलेला प्रत्येक पाहुणा आपल्याबरोबर एक कोसळलेले माळवद घेऊन येई, आणि ते ऐकून ऐकून मामांच्या मनात गावातले प्रत्येक छत एकदा तरी खाली येऊन गेले होते. मामी चूलही अंगणातच मांडत. पहाटे जाग येई ती भाकरी थापण्याच्या आवाजाने, आणि त्याच्या मागून येसर घातलेल्या आमटीचा वास येई. आमच्या लातूरच्या घरी येसर, म्हणजे भाजलेल्या धान्याचे मसालेदार पीठ, आईच करी. पण उघड्यावर, नदीच्या वाऱ्यात त्याचा वास वेगळाच लागे. अजूनही कोणाच्या घरी येसराची आमटी उकळत असली, की मला क्षणभर डोक्यावर छप्पर नसल्याचा भास होतो, आणि तो भास सुखाचा असतो.

मीही त्या पाहुण्यांपैकीच एक. आमच्या घराची मागची भिंत फाटली तेव्हा वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, दुकानापुढे पत्र्याचा आडोसा करून आईसह तिथे बिऱ्हाड केले आणि मला मामांकडे पाठवले. अप्पांचे दुकान डिझेल इंजिनांचे. विहिरीवर बसणारी इंजिने, त्यांचे सुटे भाग, पट्टे, नोझल. लहानपणी मी ऑइलचे डबे उलटे करून त्यांवर बसून अभ्यास केला, आणि त्याच डब्यांमधून भौतिकशास्त्राच्या पदवीपर्यंत पोचले. लातुरात तेव्हा गल्लोगल्ली शिकवण्या उघडत होत्या. अशाच एका वर्गाने मला शिकवायला बोलावले होते. मी फळ्यापुढे उभी राहिले, हातात खडू होता, डोक्यात न्यूटनचे तिन्ही नियम होते, फक्त आवाज नव्हता. मुले वाट पाहत राहिली. थोड्या वेळाने संचालकांनी फार सौजन्याने मला चहा पाजला आणि पुन्हा बोलावले नाही. त्यानंतर भूकंप झाला, आणि खरे सांगायचे तर, माझ्या अपयशाची चौकशी करायला कोणालाच सवड उरली नाही.

मामांची मुलगी मंगल बारावीला होती. मी जितकी मुकी, तितकी ती बोलकी. तिचे कॉलेज आणि शिकवणी दोन्ही नदीपलीकडे, नांदेडात. पूर्वी लिंबाजी नावाडी बांबूच्या रेट्याने नाव पलीकडे नेई. पण बंधाऱ्याचे पाणी तुंबून मागे पसरत आले, पात्र रुंद झाले आणि बांबूला तळ लागेनासा झाला. वल्ही मारत जावे, तर वाऱ्याच्या दिवशी शिकवणी सुटायच्या वेळी पोचणे होई. एसटी पुलावरून वळसा घालून जाई आणि तिच्या लहरीने जाई. राहता राहिले नांदेडचे वसतिगृह, आणि तिथेच मामा अडले.

"तीन मजली हाय ती इमारत," ते म्हणत. "खाली लेकरं, वर दगड. म्या न्हाई ठेवायचो."

म्हणून त्यांनी पुढाकार घेऊन नावेवर इंजिन बसवायचे ठरवले. मुलीने रोज उघड्या पाण्यावरून जावे आणि रोज उघड्या अंगणात परत यावे, असा त्यांचा हिशेब. तो जमला नाही तर दुसरा तयार होता. हदगावच्या एका घराकडून मंगलला मागणी आली होती. मुलगा कसा आहे, काय करतो, हे मामांनी नंतर सांगितले. आधी सांगितले ते घराविषयी.

"सगळ्या खोल्यांवर पत्रे हायत," ते समाधानाने म्हणाले. "एक धोंडा न्हाई डोक्यावर."

"मग पत्र्याशीच लावा की माझं लगीन," मंगल भाकरी मोडत म्हणाली. मामी तोंडाला पदर लावून हसल्या. पण मामा हसले नाहीत. दिवाळीच्या सुटीनंतर कॉलेज उघडेपर्यंत नाव चालू झाली तर मंगल शिकेल, नाही झाली तर हदगावच्या पाहुण्यांना होकार जाईल, हे त्यांनी एकदाच सांगितले. मामा एक गोष्ट दोनदा सांगत नसत.

इंजिन अर्थातच अप्पांच्या दुकानातून आले. पंखा मात्र मामांनी स्वतः निवडला. प्रोपेलर हा शब्द तिथे कोणी उच्चारत नसे. पाण्यातला पंखा, एवढेच. समुद्रावरच्या कुठल्याशा मोठ्या बोटीचा तो जुना पितळी पंखा भंगारबाजारात मिळाला होता. तीन पाती, प्रत्येक पाते सुपासारखे रुंद. मामांनी त्याला चिंचेने घासून सोन्यासारखे केले. खंडेनवमीला घरातली कात्री, विळी, कुऱ्हाड, नांगराचा फाळ यांच्याबरोबर तोही पाटावर मांडला गेला; त्याला हळदकुंकू लागले, नारळ फुटला. "मोठा पंखा, मोठी ओढ," मामा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

नाव पाण्यात गेली आणि ओढीऐवजी धूर निघाला. काळा, तेलकट, काठावरच्या धुण्यांवर बसणारा. इंजिन कण्हत होते. त्याचा ठोका विहिरीवरच्या इंजिनासारखा टणटणीत नव्हता, तर चढावर गाडी ओढणाऱ्या बैलाच्या श्वासासारखा दमलेला होता. पात्राच्या मध्यावर जाईपर्यंत पाणी उकळू लागले, आणि लिंबाजीने मुकाट्याने वल्ही काढली.

महेबूबभाई आले. आसपासच्या सगळ्या गावांतल्या विहिरींवरची इंजिने त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यांनी नोझल बदलले, रिंगा बदलल्या, तरी धूर तोच. मग त्यांनी नाव दोरखंडाने बाभळीला पक्की बांधली आणि इंजिन सुरू केले.

"बघा मामा," ते म्हणाले. तेही मामांना मामाच म्हणत. "नाव जागची हलून न्हाई राहिली. म्हंजे काम न्हाई, लोड न्हाई. तरी एवढा धूर. इंजिनच कमजोर हाय. लातूरला वापस पाठवा."

विहिरीपुरते ते अगदी खरे होते. पंपाच्या पाइपाचा व्हॉल्व्ह बंद केला की पाणी अडते, आणि इंजिन हलके होते. ते कोणत्याही शेतकऱ्याच्या मुलाला ठाऊक असते. ज्या मुलखात इंजिन म्हणजे विहीर, तिथे अडवलेले काम म्हणजे हलके काम, असेच वाटणार. पण पाण्यातला पंखा उलटा वागतो. नाव पुढे जात असेल तर पाते सरकत्या पाण्यातून वाट काढत जाते. नाव बांधली की प्रत्येक फेऱ्याला सगळे पाणी जागच्या जागी मागे रेटावे लागते. बांधलेली नाव हे पंख्यावरचे सर्वांत जड ओझे. मला हे तिथेच, घाटाच्या पायरीवर बसल्या बसल्या समजले. आणि समजले ते मी मंगलच्या कानात सांगितले, कारण माझ्या बोलण्याची तेवढीच पद्धत होती.

"ताई म्हणून राहिली," मंगल साऱ्या घाटाला ऐकू जाईल अशी ओरडली, "की बांधल्यावर जास्तच लोड येतो."

"ताईला स्वतःचं तोंड न्हाई का?" महेबूबभाई म्हणाले. त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता.

"हाय, पण ते सणासुदीला काढतो आम्ही."

सगळे हसले, मीही हसले. मग मी पुन्हा मंगलच्या कानाला लागले, आणि तिने जाहीर केले की इंजिन एक दिवस मामांच्या विहिरीवर बसवून पाहावे. महेबूबभाईंना ही परीक्षा मान्य होती. विहीर त्यांच्या प्रांतातली. दुसऱ्या दिवशी इंजिन विहिरीवर गेले आणि सकाळपासून दिवस कलेपर्यंत त्याने पाणी काढले. ठोका टणटणीत, धूर नावालाही नाही. महेबूबभाई धुराड्यावर पांढरा रुमाल धरून उभे राहिले, आणि रुमाल पाहून खिशात घातला.

"इंजिन साफ हाय," ते म्हणाले. "मग कसूर कुणाचा?"

अप्पांनी माझ्या सामानात एक आरपीएम मीटर दिला होता. मनगटी घड्याळाहून थोडा मोठा. त्याचे रबरी टोक फिरत्या दांड्याला टेकवले की काटा मिनिटाचे फेरे दाखवतो. तो त्यांनी का दिला, हे मी कधी विचारले नाही. कदाचित त्यांच्याकडे लेकीला देण्यासारखे त्या दिवसांत तेवढेच शाबूत होते. इंजिनाच्या पाटीवर पंधराशे फेरे लिहिलेले होते. विहिरीवर काटा तिथेच उभा राहिला. इंजिन नावेवर परत बसवून, पूर्ण रेस देऊन, मोकळ्या पाण्यात पाहिले तेव्हा काटा हजाराच्याही खाली थरथरत होता. अप्पा गिऱ्हाइकांना नेहमी सांगत, इंजिनाला त्याच्या चालीने चालू द्यावे, मग त्याच्यावर ओझे घालावे. चाल मोडली की ते डिझेल खाते, पण ताकद देत नाही. न जळलेले डिझेल काळे होऊन बाहेर पडते. पंखा इंजिनाला झेपत नव्हता. पात्यांची टोके कापून त्याचा घेर कमी करायला हवा होता, आणि घेर थोडा कमी केला तरी ओझे पुष्कळ उतरते, हे गणित मी रात्रंदिवस सोडवलेले होते.

मंगलने हे सांगताच मामांचा चेहरा उतरला. "नवमीला पुजलेली वस्तू हाय ती. तिला करवत लावायची? आपल्या घरात असं कुणी केलं न्हाई."

मंगलने ओझ्याचे, चालीचे, पाण्याचे सगळे सांगून पाहिले. महेबूबभाईसुद्धा आता आमच्या बाजूने होते. पण पूजेच्या वस्तूविषयी आपण काय बोलावे म्हणून ते विडी पेटवून बसले. मामा दाराकडे तोंड करून बसले. लहान पंखा दुसरा आणायचा तर तो मिळणार कुठे, आणि मिळेपर्यंत कॉलेज उघडणार. मंगल प्रथमच काही बोलली नाही. ती अंगणातल्या खाटेच्या सुंभाची गाठ सोडत आणि बांधत राहिली. तिचे ते मुके हात मला पाहवेनात.

"जावळ काढतोच की आपण," मी म्हणाले.

माझाच आवाज मला परका वाटला. सगळे माझ्याकडे वळले, आणि वाक्य अर्धे टाकणे शक्य राहिले नाही. "लेकराचं. पूजा करूनच काढतो. काढल्यानं लेकरू उणं होत न्हाई, मामा. डोकं हलकं होतं."

मामींनी भाकरी थापायची थांबवली. मग मामी, पिठाचे हात तसेच धरून, शांतपणे म्हणाल्या, "मग मांडीवर कुणी घ्यायचं? मामानंच की."

आमच्याकडे जावळ काढताना मूल मामाच्या मांडीवर बसवतात आणि पहिली बट मामा कापतो. मामा जगाचेच मामा होते. गावातली किती मुले त्यांच्या मांडीवर रडून गेली असतील, सांगता येणार नाही. ते मामींकडे पाहत राहिले. मग कपाळावरचे भस्म चोळत उठले आणि म्हणाले, "महेबूब, करवत आण. पर पहिला हात माझा."

इतक्या वर्षांनी आठवते तेव्हा त्या दृश्याचे मला हसू येते, आणि हसता हसता मी गंभीर होते. मामा धोतराचा सोगा आवरून पाटावर बसलेले, मांडीवर घोंगडी, घोंगडीवर तो सोनेरी पंखा; मामींनी त्याला कुंकू लावलेले. पुस्तकांना कव्हर घालायच्या तपकिरी कागदाचा मी एक नमुना कापला होता, म्हणजे तिन्ही पाती एकसारखी उतरतील. महेबूबभाईंनी त्यावरून खिळ्याने रेघ मारली आणि मामांच्या हातात करवत दिली. मामांनी ती पितळेवर हळू ओढली, पुन्हा ओढली, आणि करवत परत देऊन डोळे मिटून घेतले.

"रडलं का?" मंगलने विचारले.

"कोण? पंखा का मामा?" महेबूबभाई म्हणाले, आणि मामांसकट सगळे अंगण हसले.

पहिल्या वेळी बोटभरच कापायचे, असे मी बजावले होते. आता मी स्वतः बजावत होते, हळू आवाजात का होईना. कापलेले पितळ परत जोडता येत नाही, आणि पंखा गरजेपेक्षा लहान झाला की इंजिन नुसते भणभणते, नाव ओढत नाही. कापून झाल्यावर महेबूबभाईंनी पंखा दांड्यात ओवून दोन सरळ लोखंडी पट्ट्यांवर ठेवला; जे पाते जड, ते आपोआप खाली येई, आणि ते कानशीने घासले जाई. कोणतेच पाते खाली येईनासे झाले तेव्हा पंखा नावेवर चढला. मी मीटर टेकवून बसले, आणि मागे सुकाणूजवळ बसलेल्या लिंबाजीला बोटांनी आकडा दाखवला. बाराशे. धूर काळ्याचा करडा झाला होता. पुन्हा मामांची मांडी, पुन्हा बोटभर, आणि रिकामी नाव पंधराशेवर पोचली. पितळेचे काप मामींनी एका पानावर ठेवले आणि जावळ सोडतात तसे गंगेत सोडले. गोदावरीला तिथे गंगाच म्हणतात.

पण रिकाम्या नावेवरची परीक्षा ही परीक्षा नव्हे. भरलेल्या नावेने, मोकळ्या पाण्यात, पूर्ण रेस देऊन आपली चाल गाठली तरच जोडी जमली म्हणायची. ज्वारीची पोती भिजतील म्हणून मामा ती देईनात; आणि तपासणीच्या नावेत मंगलने पाऊल ठेवायचे नाही, असेही त्यांनी सांगून टाकले. भरायचे कशाने, असा विचार चालला असता बाजाराला निघालेल्या बायका टोपल्या घेऊन सरळ नावेत शिरल्या. त्यांतली एक म्हातारी लिंबाजीला म्हणाली, "घरात भ्यावं, वर छत हाय. नावंला कुठं छत हाय? चल हाक."

नाव काठोकाठ भरली. मी मधे इंजिनाजवळ, हातात मीटर. लिंबाजी पार मागे, आणि आमच्यामध्ये लुगड्यांची, टोपल्यांची, कोथिंबिरीच्या जुड्यांची भिंत. हे माझ्या ध्यानात आले तेव्हा काठ सुटला होता. पलीकडच्या अंगाला बंधाऱ्याच्या पाण्यात बुडालेल्या बाभळींचे शेंडे होते. पूर्ण रेसमध्ये नाव सरळ त्यांच्या दिशेने जाई, आणि आकडा कळल्याशिवाय लिंबाजी रेस कमी करणार नव्हता, की नाव वळवणार नव्हता. तसे ठरवले होते मीच, आणि त्या भिंतीमागून त्याला बाभळी दिसतही नव्हत्या. त्याने रेसची दोरी ओढली. नावेने नाक उचलले. दांड्याला टेकवलेल्या मीटरचा काटा बाराशेवरून पुढे सरकला, अडखळला, पुन्हा सरकला, आणि पाटीवरच्या आकड्यावर येऊन उभा राहिला. मी बोटे वर केली. माझी बोटे एका हिरव्या लुगड्याला दिसली असतील. मंगल काठावर होती. बाभळी जवळ येत होत्या.

"पंधराशे," मी म्हणाले. इंजिनाच्या ठोक्यात ते मलाही ऐकू आले नाही.

मग मी उभी राहिले. पोटातून, टाचांतून, कुठून तरी तो आवाज आला. ऑइलच्या डब्यावर बसून न विचारलेल्या सगळ्या शंका त्यात असाव्यात. "लिंबाजी, पंधराशे. वळवा."

सगळी नाव माझ्याकडे पाहू लागली. लिंबाजीने सुकाणू दाबले, नाव मोठा बाक घेऊन वळली, बाभळीचा एक शेंडा टोपल्यांना चाटून गेला. धुराड्याच्या तोंडावर फक्त हवा थरथरत होती. ठोका टणटणीत होता, विहिरीवरच्यासारखा. घाटावर मंगल दोन्ही हात हलवत होती, आणि तिच्या शेजारी महेबूबभाईंचा पांढरा रुमाल.

नाव काठाला लागली तेव्हा महेबूबभाई म्हणाले, "ताई, एवढा आवाज कुठं ठेवला होता? आमच्या विहिरीपर्यंत गेला असंल."

 याचे उत्तर सुचायला मला आणखी बरीच वर्षे लागली. पस्तिशी जवळ आली असताना नांदेडात एका शिकवणीवर्गात पुन्हा फळ्यापुढे उभी राहिले, आणि शेवटच्या बाकावर कोण बसले आहे हे पाहिल्यावर आपोआप लिंबाजीच्या अंतराचा आवाज लागला. लोक म्हणत, हिने फार उशिरा सुरुवात केली. खरे आहे. पण सगळ्यांना एकाच मापाचे ओझे देणाऱ्या त्या धंद्यात, कोणाची चाल कुठे मोडते आहे ते मी निदान कान देऊन ऐकत असे. मंगलचा फोटो कोणत्याही वर्गाच्या जाहिरातीत झळकला नाही. ती औषधशास्त्र शिकली, आता अहमदपूरला तिचे दुकान आहे, आणि ती अजूनही माझ्यापेक्षा मोठ्याने बोलते.

त्या दिवशी मामा मात्र घाटाच्या पायरीवर बराच वेळ बसून होते. लिंबाजी त्या बाजारकरणींना पलीकडे पोचवून परतत होता, आणि पाण्यावरून येणारा ठोका ते मान तिरकी करून ऐकत होते.

"हदगावच्या पाव्हण्यांना काय कळवायचं?" मामींनी मागून विचारले.

मामांनी नाव काठाला टेकू दिली. मग उठले, धोतर झटकले, आणि मंगलला म्हणाले, "उद्या किती वाजता भरतं तुमचं कॉलेज?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मंगल धपाट्यांचा डबा घेऊन नावेत बसली. मामा घाटापर्यंत आले, आणि डोक्यावरचे आभाळ एकदा नीट पाहून घेऊन त्यांनी स्वतः दोर सोडला.